चाक निघालं, डिस्क निघेना

घरी ब्रेक तपासायला बसलेल्या माणसाचं काम नेमकं कुठे अडतं, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. पॅडपाशी अडत नाही, पिस्टनपाशीही नाही. चाकाचे नट सुटतात, कॅलिपरचे बोल्ट सुटतात, कॅलिपर तारेने टांगून ठेवला जातो, आणि मग डिस्कच्या तोंडावर बसलेले दोन चपट्या डोक्याचे स्क्रू समोर येतात. होंडाच्या कित्येक मोटारींवर ते असतात, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांवरही. जाडी सहा मिलिमीटर, डोक्यात प्लसची खाच. घरातला प्लसचा स्क्रूड्रायव्हर लागतो, मनगट फिरतं, स्क्रू हलत नाही. आणखी जोर केला की स्क्रूड्रायव्हर खाचेतून उसळून वर येतो आणि येताना थोडा धातू खरवडून आणतो. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला प्लसची वाटी झालेली असते, आणि वाटीत कुठलंच हत्यार धरत नाही.

गंमत अशी, की या स्क्रूंना काम जवळजवळ नाहीच. डिस्कला हबवर आवळून धरतात ते चाकाचे नट. चाक काढलेलं असताना डिस्क जागेवर राहावी, तिची भोकं सरकू नयेत, एवढ्यापुरतेच हे दोन स्क्रू. होंडा ते ९.८ न्यूटन-मीटरने आवळायला सांगते. चाकाच्या नटांना त्याच्या दहापटीहून अधिक जोर लावायचा असतो. मग इतक्या हलक्या हाताने लावलेला स्क्रू एवढा का चिकटतो? त्याच्या डोक्यामुळे. ते खाली निमुळतं होत गेलेलं असतं आणि डिस्कमधल्या तशाच उतरत्या खळग्यात सगळ्या बाजूंनी टेकतं. डिस्क बिडाची. घाटात तापते, पावसाच्या पाण्याने एकदम गार होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे डोकं आणि खळगा यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि स्क्रूला दाबून धरतो. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांना खाऱ्या हवेची वर भर. म्हणजे आटे बहुतेक वेळा ठीकच असतात. अडकलेलं असतं ते डोकं. ही गोष्ट लक्षात आली की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

पण त्याआधी त्या प्लसकडे नीट बघायला हवं. सगळे प्लस सारखे नसतात.

आपण ज्याला सरसकट प्लसचा स्क्रू म्हणतो, तो अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सच्या नावाने जगभर ओळखला जातो. मूळ कल्पना त्याच गावच्या जे. पी. थॉम्पसनची, फिलिप्सने तिचे हक्क घेतले, ती सुधारली आणि १९३६ मध्ये पेटंटं मिळवली. त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या जुळणीत हे स्क्रू वापरले. कारखान्याला त्यात फायदा होता. यंत्राने फिरणारा स्क्रूड्रायव्हर अशा खाचेत आपोआप मध्यावर बसतो, एका रेघेच्या खाचेसारखा बाजूला घसरत नाही. तोटा असा, की फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. फिरवण्याच्या जोराचा काही भाग स्क्रूड्रायव्हरला बाहेर ढकलण्यातच जातो. जोर जास्त झाल्यावर हत्यार आपोआप सुटावं म्हणून ती मुद्दाम तशी केली, असं नेहमी ऐकू येतं. हेतू काहीही असो, गंजलेला स्क्रू उघडताना हा गुण आपल्याला महागात पडतो.

जपान्यांनी स्वतःच्या मानकात, जेआयएसमध्ये, प्लसची खाच थोडी वेगळी आखली. दिसायला तीच, फरक टोकाशी आणि पात्यांच्या कोपऱ्यांत. फिलिप्सच्या स्क्रूड्रायव्हरची पाती जिथे एकमेकांना मिळतात तिथली गोलाई जास्त असते, त्यामुळे जपानी खाचेत तो तळापर्यंत उतरतच नाही. वरवर टेकतो आणि फिरवलं की चढतो. उलट जपानी टोकाचा स्क्रूड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूत बऱ्यापैकी बसतो. म्हणून एकच घ्यायचा तर जपानी टोकाचा घ्यावा. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची खूण. ठिपका दिसला नाही तरी गाडीचं घराणं जपानी असेल तर स्क्रूही जपानी समजूनच हात लावावा.

आणि आपल्याकडे जपानी घराण्याच्या गाड्या काय कमी आहेत? १९८३ च्या डिसेंबरात सुझुकीच्या साथीने मारुती ८०० आली, १९८४ मध्ये हिरो होंडा स्थापन झाली, आकुर्डीच्या बजाजने कावासाकीशी हातमिळवणी केली. पुढच्या चाळीस वर्षांत आपल्या दारात उभ्या राहिलेल्या निम्म्या गाड्यांच्या नकाशांवर जपानी हात फिरलेला असणार, हा माझा अंदाज. हत्यारांच्या दुकानात मात्र फिलिप्सचंच राज्य.

याचा सर्वांत जास्त त्रास मोटरसायकलवाल्यांना होतो. हँडलवर उजव्या बाजूला ब्रेक ऑईलची छोटी टाकी असते, तिच्या झाकणावर दोन बारीक चपटे स्क्रू. टाकी ॲल्युमिनियमची, स्क्रू लोखंडाचे. दोन वेगळे धातू, वर पावसाचं पाणी. चार मिलिमीटरचा स्क्रू धरून बसायला आणखी काय हवं? इथे लागतं २ नंबरचं टोक, मोटारीच्या डिस्कवर ३ नंबरचं. हे स्क्रू लावताना जेमतेम दीड-दोन न्यूटन-मीटर जोर पुरतो, म्हणजे दोन बोटांनी फिरवता येईल इतका. तरी ‘ब्रेकचं आहे, घट्ट असलेलं बरं’ म्हणून लोक मनगट लावून आवळतात. पुढच्या वर्षी उघडणारा रडतो.

आता उघडायचं कसं. आधी खाचेतला मळ आणि रंग टाचणीने किंवा बारीक सुईने पूर्ण काढायचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तळात साचलेल्या मळामुळे योग्य टोकही अर्धवट बसतं. मग गंज सोडवणारं तेल, थेंबभरच, आणि ते पॅडवर किंवा डिस्कच्या घासणाऱ्या भागावर उडणार नाही अशा बेताने. तेलाला वेळ द्यावा लागतो, चहा पिऊन येईपर्यंत तरी. त्यानंतर स्क्रूच्या डोक्यावर सपाट पंच ठेवून हातोडीचा एक नीट ठोका. डोक्याखालचा गंज तडकला तर अर्धी लढाई तिथेच संपते.

एवढ्याने सुटला नाही तर इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर. हे विजेवर चालणारं यंत्र नव्हे. हातात मावणारा जाड लोखंडी दांडा, पुढे बदलता येणारं टोक, आणि पोटात अशी रचना की मागून हातोडा पडला की टोक आत दाबलंही जातं आणि किंचित फिरतंही. खाचेतून उसळायला त्याला संधीच मिळत नाही, कारण फिरण्याच्या त्याच क्षणी वरून दाब असतो. वापरताना आधी दिशा सोडण्याकडे लावायची. टोक खाचेत उभं धरायचं. दांडा हाताने सोडण्याच्या दिशेला पीळ देऊन ताणून ठेवायचा, म्हणजे आतला ढिलेपणा निघून जातो. आणि मग जड हातोड्याचा एक भक्कम घाव. दहा हलक्या टपल्यांनी काही होत नाही, खाच तेवढी झिजते. हातमोजा आणि चष्मा घालूनच. डिस्क फिरू नये म्हणून पुढच्या चाकाला गाडी गिअरमध्ये, मागच्याला हँडब्रेक. मात्र मागे हँडब्रेक त्याच कॅलिपरवर असेल तर दुसऱ्या कुणाला तरी डिस्क धरायला बसवावं. टोकाला व्हॉल्व्ह घासायची खरबरीत पेस्ट चिमूटभर लावली तर पकड वाढते. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री शिकाऊ पोराला ओरडून सांगायचे, “अरे, फिरवू नको, दाब! दाबलास की तो आपोआप फिरतो.” एका वाक्यात त्यांनी सगळं यंत्रशास्त्र सांगितलं होतं.

खाच आधीच गेली असेल तर ड्रिलला पर्याय नाही, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मध्यावर पंचाने खूण करायची, आधी बारीक, मग स्क्रूच्या जाडीएवढं किंवा किंचित मोठं ड्रिल, आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकं खोल जायचं. डोकं वेगळं झालं की डिस्क निघते. मागे उरलेल्या बुंध्यावर आता कसलाच ताण नसतो. लॉकिंग पकडीने धरून तो बहुधा सहज फिरवून काढता येतो. जे एवढं आडमुठं वाटत होतं ते फक्त डोकं होतं, याचा पुरावा तिथे हातात येतो. ड्रिलने उडालेले धातूचे कण घासणाऱ्या पृष्ठभागावर राहू द्यायचे नाहीत. आणि स्क्रू नवे आणायचे, डोक्याखाली तांब्याचं ग्रीस किंचित लावून परत बसवायचे. काही जण ‘कामाचे नाहीतच’ म्हणून ते फेकून देतात. गाडी त्यांच्याशिवाय चालते हे खरं, पण पुढच्या वेळी चाक काढलं की डिस्क तिरकी होते, तिच्यामागे गंजाचा पापुद्रा पडतो, आणि मग ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मी तरी ते लावतो.

स्क्रू निघाले तरी डिस्क किंवा ड्रम हबला चिकटलेला राहू शकतो. इथे लोक हातोडा उचलतात आणि बिडाचा तुकडा उडवतात. सुझुकीच्या रचनेत याचं उत्तर ड्रमवरच दिलेलं आहे: तोंडावर आट्यांची दोन मोकळी भोकं असतात, त्यांत ८ मिलिमीटर जाडीचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम स्वतःच पुढे ढकलला जातो. कित्येक मारुतीवाल्यांना ही भोकं कशासाठी आहेत ते ठाऊक नसतं. होंडाच्या पुष्कळ डिस्कवरही अशी भोकं सापडतात. ड्रम काढताना हँडब्रेक सोडलेला हवा, हे सांगायला नको, तरी विसरतं.

युरोपीय गाड्यांकडे वळलं की प्लस जवळजवळ संपतो आणि नवा घोळ सुरू होतो. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळू लागली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, आणि मराठवाड्यापासून पुण्यापर्यंतच्या गॅरेजांना एका विचित्र मापाशी ओळख करून घ्यावी लागली. या गटाच्या अनेक गाड्यांमध्ये पुढचा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांना ७ मिलिमीटरची एल-की लागते. बाजारातल्या साध्या ॲलन सेटमध्ये ५, ६, मग थेट ८ आणि १० असतात, ७ नसतेच. ६ ची आत फिरते, ८ ची जात नाही. काही जण ६ च्या कीभोवती पत्रा गुंडाळून बघतात. पिनेचं षटकोनी भोक गोल करायचा हा हमखास मार्ग. ७ ची एक गोटी स्वतंत्र विकत मिळते, तेवढी आणावी. आणि ही पिन रबरी आवरणाच्या आत, टोपीखाली लपलेली असते. आधी टोपी काढून आतली धूळ साफ केल्याशिवाय की पूर्ण आत जात नाही.

याच गाड्यांवर डिस्क धरणारा तो बिनकामाचा स्क्रू टॉर्क्सचा असतो, टी-३० मापाचा, आणि तो फक्त ४ न्यूटन-मीटरने आवळायचा. टॉर्क्स म्हणजे सहा गोलसर पाकळ्यांचा तारा. अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने तो १९६७ मध्ये आणला. त्याच्या भिंती सरळ उभ्या, त्यामुळे फिलिप्ससारखं हत्यार बाहेर ढकललं जात नाही. टी-पुढचा आकडा मिलिमीटर नव्हे, नुसता क्रमांक आहे; टी-३० ची रुंदी साधारण साडेपाच मिलिमीटरच्या वर भरते. एक क्रमांक लहान असलेलं टोकही आत जातं, फिरतंही, आणि पाकळ्या खातं. म्हणून जे सर्वांत मोठं टोक हलकं ठोकल्यावर बसतं तेच खरं.

तिसरी जात सर्वांत फसवी. मागच्या कॅलिपरचा ब्रॅकेट धरणारे बोल्ट ऑक्टाव्हिया, जेटा, पसाटच्या काही पिढ्यांमध्ये बारा टोकांच्या खाचेचे आहेत. तीन चौकोन एकावर एक फिरवून ठेवले की जी आकृती होते ती ही. एक्सझेडएन किंवा ट्रिपल स्क्वेअर म्हणतात. घाईत बघितलं तर हाही तारा वाटतो. टॉर्क्स ठोकून बसवला तर बसतोसुद्धा. फिरवला की बारीक टोकं सपाट होतात, आणि तो बोल्ट तर ब्रेकचा सगळा जोर झेलणारा, हबच्या मागे, हात न पोचणाऱ्या जागी. तिथे ड्रिल चालवणं म्हणजे अर्धा दिवस गेला. टॉर्च मारून टोकं मोजा: सहा की बारा, गोल की अणकुचीदार. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघितला तर अंदाज चुकत नाही. यातले पुष्कळ बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात, म्हणून एकदा उघडले की नवेच लावायला कंपनी सांगते.

स्क्रू गंजानेच नाही, तर डिंकानेही धरलेला असू शकतो. मोटरसायकलच्या डिस्कचे ॲलन किंवा टॉर्क्स बोल्ट आट्यांना लॉकिंग द्रव लावून बसवतात. हवा असेपर्यंत पातळ राहणारा आणि आट्यांत हवा बंद झाली की घट्ट होणारा हा द्रव १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी तयार केला. पुढे तो लॉकटाइट नावाने विकला गेला. योगायोग बघा, ॲलन स्क्रूचं घराणंही हार्टफर्डचंच, १९१० च्या सुमाराचं. निळा लॉकटाइट हत्याराने सुटतो. लाल सोडवायला बोल्ट सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि ब्रेकजवळ ज्योत म्हणजे रबरी सील, पाइप आणि व्हील बेअरिंगचं ग्रीस यांच्याशी खेळ. ब्रेक क्लीनर फवारल्यावर तर तिथे ज्योत नेऊच नये. काही क्लीनर पेटतात. क्लोरीन असलेले तापले तर त्यांतून अत्यंत विषारी वायू तयार होतो. लाल रंगाचा माग आट्यांवर दिसला की घरचं काम तिथेच थांबवलेलं बरं.

ज्यांचा आकार अगदी साधा, तेही धोक्याचे असतात. ब्रेक पाइपचा नट षटकोनीच, पण मऊ आणि पाइपवर ओवलेला, त्यामुळे रिंग पाना वरून घालता येत नाही. फिक्स पाना फक्त दोन बाजूंनी धरतो आणि कोपरे उडवतो. पाइप आत जाईल एवढी फट ठेवलेला फ्लेअर नट पाना यासाठीच असतो. हवा काढायचं निपल आतून पोकळ, म्हणून चटकन तुटतं. त्याला बारा कोनी नव्हे, सहा कोनी गोटी लावावी. नुसतं तपासायचं असेल तर या दोहोंना हात लावण्याचं कारणच नाही. पॅडच्या पिना, त्यांतल्या आर आकाराच्या क्लिपा, काही जपानी कॅलिपरवर ॲलन पिनेवर बसवलेली एका रेघेची टोपी, ही मंडळी निरुपद्रवी. काढण्याआधी फोटो काढून ठेवला म्हणजे झालं. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मात्र स्कॅनरने तो सर्व्हिस स्थितीत नेल्याशिवाय पिस्टन मागे ढकलू नये, मोटर खराब होते.

हे सगळं वाचून रविवारी हत्यारं बाहेर काढणाऱ्यांना माझं स्पष्ट मत: तपासणीसाठी यातलं बरंचसं उघडावंच लागत नाही. पॅडची जाडी अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्चने किंवा चाक काढून कॅलिपरच्या खिडकीतून दिसते. तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर पॅड बदलायची तयारी करायची. डिस्क किती झिजलेली चालते तो आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो, आणि डिस्क न काढताही कॅलिपर गेजने मोजता येतं. बऱ्याच ड्रमच्या मागच्या पत्र्यात रबरी बूच असतं, ते काढलं की लायनर दिसतो. स्कूटर आणि मोटरसायकलच्या ड्रम ब्रेकवर तर बाहेरच बाण असतो. ब्रेक दाबून धरला आणि बाण पॅनेलवरच्या खुणेला भिडला की शू बदलायचे. डिस्क खरंच काढायची असेल, कारण ती बदलायची आहे, तरच त्या दोन स्क्रूंच्या वाटेला जावं, आणि ज्या दिवशी दुकानं उघडी असतील त्या दिवशी जावं.

गाडी नुसत्या जॅकवर उभी करून हातोडा चालवू नका. खाली जॅक स्टँड हवेतच. कॅलिपर रबरी पाइपला लोंबकळत सोडू नका. ब्रेकची धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि जुन्या लायनरमध्ये ते असू शकतं. कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, आकडा गाडीच्या पुस्तकातून किंवा सर्व्हिस सेंटरमधून घ्या. आणि सगळं बसवून झाल्यावर, इंजिन सुरू करून गाडी हलवण्याआधी, ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत परत येईपर्यंत पहिली दोन-चार दाबणी रिकामीच जातात.